दिवे गेले, जाळी आली

ट्रकच्या मागच्या दिव्याची किंमत किती, असं विचारलं तर दुकानदार बिलातला आकडा सांगेल. कायदाही तोच आकडा धरतो. माझं भांडण नेमकं तिथेच आहे.

आमच्या मामेभावाची सहाचाकी गाडी आहे, भट्टीवरच्या विटा वाहणारी. वांगणीत रस्त्याच्या कडेला रात्रभर उभी होती. सकाळी मागचे दोन्ही दिवे गायब! स्क्रू अगदी नीट काढलेले, वायरी मात्र कचाकच कापलेल्या. जोडी २४०० रुपयांची, वायरिंगवाल्याचे ४००, आणि पुन्हा जाऊ नयेत म्हणून लोखंडी जाळी वेल्डिंग करून घेतली तिचे ९००. शिवाय दिवसभराची खेप बुडाली, हमालांना नुसतं बसवून ठेवलं ते वेगळंच.

तक्रार द्यायला गेला तर एनसी लिहून हातात दिली. घरचे सगळे पोलिसांवर चिडले. मी म्हणतो, तिथल्या हवालदारावर चिडून काय उपयोग? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ नुसार ५००० रुपयांच्या आतली चोरी असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा पैसे परत केले, तर शिक्षा म्हणजे समाजसेवा. आणि ही चोरी अदखलपात्र! म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. जुन्या ३७९ कलमात चोरी कितीचीही असो, दखलपात्र होती. किरकोळ चोरीसाठी कुणी तुरुंगात सडू नये हे मलाही पटतं. शिक्षा हवी तेवढी सौम्य ठेवा हो, पण तपास का बंद?

आता गंमत बघा. दिवा चोरणाऱ्यामागे कुणी जात नाही, पण दिवा नसलेली गाडी रस्त्यावर आणली की मालकाला मोटार वाहन कायद्याच्या १७७ कलमाखाली ५०० रुपये दंड, पुन्हा सापडला तर १५००. विमा आहे ना, असं एका काकांनी विचारलं. आहे की! पण मालवाहू गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आख्खी गाडी गेली तर भरपाई मिळते, नुसते दिवे गेले तर नाही. चोराला सांगायला हवं होतं, बाबा रे, नेतोस तर सगळीच ने :)

(याच राज्यात २०१५ साली ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी घातली होती. ट्रकच्या पाठीकडे सरकारचं लक्षच नाही असं नाही बरं का.)

आणि ती जाळी! रस्त्यावरचा दर दुसरा ट्रक मागून पिंजऱ्यातल्या पोपटासारखा का दिसतो, ते आता कळलं असेल. गजांनी थोडा उजेड अडतो, मग त्यात चिखल बसतो, काच नीट पुसता येत नाही. चोरापासून वाचवलेला दिवा मागच्याला धड दिसत नाही. बदलापूर-कर्जत रस्त्यावर पावसात बाइकवरून रात्री घरी येणाऱ्यांना विचारा, समोर अंधारात बिनदिव्याचा ट्रक उभा असला तर तो कधी दिसतो. मुळात तो लाल दिवा ट्रकवाल्याच्या कामाचाच नाही, त्याला तो दिसतही नाही. तो मागून येणाऱ्या तुमच्या-माझ्यासाठी असतो. मग त्याचा भाव २४०० कसा?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दिवे, ब्रेकचे भाग, रिफ्लेक्टर, म्हणजे ज्यांच्यावाचून माणूस मरू शकतो असं काहीही चोरीला गेलं तर ५००० ची अट लावू नये. ती चोरी दखलपात्रच असावी.

आणि चोर ते दिवे स्वतःच्या घरात लावत नाही, हेही लक्षात घ्या. कुणीतरी अर्ध्या भावात, बिलाशिवाय घेतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे, कलम ३१७, तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्या नात्यात गाड्यावाले काही कमी नाहीत. 'ओळखीच्याकडून स्वस्तात मिळाला' असं लग्नाच्या पंगतीत कौतुकाने सांगणारे दोघे तरी हे वाचत असतील. त्यांनी पुढच्या वेळी बिल मागावं, आणि नाही मिळालं तर तो दिवा तिथेच ठेवून यावं. मामेभाऊ सध्या गाडी ओळखीच्या पेट्रोल पंपावर लावतो. रात्रीचे पन्नास रुपये. महिन्याचे किती होतात ते तुम्हीच मांडा.