ग्राहकांची वही कोणाची?

गेल्या आषाढातली गोष्ट. दिवसभर कोसळून पाऊस नुकताच थांबला होता. अशा वेळी आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या आईला घेऊन आमच्या ओसरीवर आला. मुलगा रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेला. पीथमपूरच्या एका कारखान्यात दोन वर्षे कंत्राटी नोकरी केली, ती संपली. त्याच्या हातात गुळगुळीत कागदाची एक रंगीत पुस्तिका होती आणि आईच्या पिशवीत एका मुदतठेवीची पावती. वडिलांच्या पश्चात जो भविष्यनिर्वाह निधी हाती आला, त्याची ती पावती.

मुलगा म्हणाला, “सर, पेस्ट कंट्रोलचा धंदा करावा म्हणतो. एक कंपनी इंदूरसाठी फ्रँचायझी देत आहे. घ्यावी, की स्वतःच्याच नावाने सुरू करावे?”

आई म्हणाल्या, “सर, आधी मला एवढेच सांगा, एवढा शिकलेला मुलगा लोकांच्या घरचे ढेकूण मारीत फिरणार का?”

वाचकहो, या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी दिले पाहिजे, कारण आपल्या समाजात पुष्कळ बेत त्याच उंबरठ्याला ठेचकाळून पडतात. होळकरांच्या दरबारी चाकरीला आलेली आपली घराणी. दरबार गेला तरी महिन्याच्या पहिल्या तारखेची ओढ काही आपल्या रक्तातून गेली नाही. आम्ही स्वतः जन्मभर सरकारी शाळेत नोकरी केलेली, तेव्हा या बाबतीत आम्ही कोणाला उपदेश करावा असे नाही. तरीही त्या माउलीला आम्ही एक हकीकत सांगितली.

१९५८ साली केरळात शंभरांहून अधिक माणसे अन्नातून विषबाधा होऊन दगावली. गव्हाच्या पिठात पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक मिसळले गेले होते. धान्य आणि विष यांची वाहतूक एकत्र झाल्याचा तो परिणाम. त्या दुर्घटनेनंतर चौकशी झाली आणि पुढे १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा आला, १९७१ साली नियम आले. धंदा म्हणून कीडनियंत्रण करणाऱ्याला या नियमांप्रमाणे परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी कृषी शाखेची किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी लागते, आणि त्यावर मान्यताप्राप्त संस्थेतून किमान १५ दिवसांचे प्रशिक्षण लागते. म्हैसूर, हापूड आणि हैदराबाद येथे अशा संस्था आहेत. “वहिनी,” आम्ही म्हणालो, “ज्या कामाला सरकार पदवी मागते, ते काम शिकलेल्या मुलाला हलके कसे? उलट न शिकलेल्याने ते करणे हाच धोका आहे.”

हा धोका पुस्तकी नव्हे. धान्याच्या कोठारांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, आणि त्या विषावर उतारा नाही. हे काम बंद कोठारात, जाणत्याच्या देखरेखीखालीच व्हावे असा दंडक आहे. असे असता राहत्या घरात ढेकणांसाठी या गोळ्या ठेवल्या गेल्या आणि शेजारच्या खोलीत निजलेली लेकरे उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. छावणीच्या धान्यबाजारात जे चालते, ते रामबागेतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चालत नाही. हा फरक ज्याला ठाऊक आहे, त्यानेच हा धंदा करावा.

आता पहिला प्रश्न. पुस्तिकेत आश्वासने पुष्कळ होती : नामांकित पाटी, गणवेश, यंत्रे, औषधे, प्रशिक्षण, जाहिरात. ही सगळी खोटी असतात असे आम्ही म्हणणार नाही. नवख्या माणसाला पहिले वर्ष सर्वांत जड जाते, आणि त्या वर्षात मोठ्या नावाचा आधार मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु आधाराचे मोल किती, ते कागदावर मांडून पाहावे. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. समजा, प्रवेशशुल्क ४ लाख रुपये, करार ५ वर्षांचा आणि रॉयल्टी दहा टक्के. महिन्याला ८० हजारांची कामे झाली तर रॉयल्टी ८ हजार, म्हणजे ६० महिन्यांत ४ लाख ८० हजार. त्यात शुल्क मिळवले की ८ लाख ८० हजार झाले, दरमहा साडेचौदा हजारांहून अधिक. आणि रॉयल्टी बहुधा नफ्यावर नसते, एकूण उत्पन्नावर असते. औषधे, दोन मदतनिसांचे पगार, पेट्रोल हे सारे भागवून हाती काही उरो वा न उरो, ती द्यावीच लागते. औषधे कंपनीकडूनच, तिने ठरवलेल्या भावाने घ्यावीत अशीही अट पुष्कळदा असते.

एवढे करूनही सौदा वाईटच ठरतो असे नाही. ग्राहक कोण, यावर ते अवलंबून आहे. आपले इंदूर शेव-नमकिनाचे गाव. अन्नपदार्थ बनवणाऱ्या कारखान्यांना आणि उपाहारगृहांना २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांप्रमाणे कीडनियंत्रणाची व्यवस्था ठेवावी लागते. तपासणीला कोणी आले तर कोणत्या दिवशी कोणते औषध कोठे वापरले, याची नोंद दाखवावी लागते. मोठा कारखानदार अशा वेळी ओळखीचे नाव आणि छापील अहवाल मागतो. तेथे पाटीचा उपयोग होतो. घरगुती ग्राहकाची रीत मात्र वेगळी. तो पहिल्यांदा पाटी पाहून बोलावतो, आणि दुसऱ्यांदा माणूस पाहून.

कारण या धंद्याचे मर्म दुसऱ्या फेरीत आहे. स्वयंपाकघरातल्या लहान तपकिरी झुरळाची मादी आपली अंड्यांची कुपी पिले निघण्याच्या सुमारापर्यंत अंगाबरोबर बाळगते. एकेका कुपीत तीस-चाळीस अंडी असतात, आणि फवारा त्या कवचाच्या आत सहसा पोहोचत नाही. ढेकणाच्या अंड्यांचेही तेच. म्हणून पंधरवड्याने पुन्हा येऊन पाहणारा माणूसच खरा कामाचा. वाळवी, जिला आपल्याकडे हिंदीच्या सहवासाने सर्रास दीमक म्हणतात, तिची तऱ्हा निराळी. ती मातीतून येते. भिंत आणि फरशी यांच्या सांध्याशी साधारण फुटाफुटावर भोके पाडून त्यांत औषध मुरवावे लागते. कोणी दोन फुटांवर भोक पाडले, किंवा औषधात पाणी जास्त घातले, तर घरमालकाला त्या दिवशी काहीच कळत नाही. ते कळते दोन पावसाळ्यांनी.

आम्हांला ते तसेच कळले. काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या घराच्या सागवानी चौकटींना वाळवी लागली. आम्ही एका नामवंत पाटीच्या स्थानिक फ्रँचायझीकडून काम करून घेतले आणि पाच वर्षांच्या हमीचा कागद जपून ठेवला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर माळ्यावरची पेटी उघडली, तो आजोबांच्या हातचे मोडीतले कागद चाळणीसारखे झालेले. कंपनीच्या कचेरीला विचारले, तर उत्तर आले की त्या चालकाशी आमचा करार संपला, हमी त्याने दिली होती. चालकाचा शोध घेतला. तो आता स्वतःच्या नावाने काम करीत होता. आम्ही चार कडक शब्द बोलण्याच्या तयारीने गेलो होतो, पण त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “पाटी त्यांची होती, पण भोके मीच पाडली होती ना सर.” दुसऱ्याच दिवशी येऊन त्याने स्वखर्चाने काम पुन्हा करून दिले. कागद गेले ते गेलेच. परंतु त्या दिवसापासून आमच्या आळीतली चार घरे त्या माणसालाच बोलावतात. त्याची पाटी कोणती, हे कोणी विचारीत नाही.

त्याच चालकाकडून आम्हांला एक गोष्ट कळली, तीच आम्ही मुलाला सांगितली. करार संपला तेव्हा पाटी गेली याचे त्याला दुःख नव्हते. दुःख होते ते ग्राहकांची वही गेल्याचे. दूरध्वनीचा क्रमांक कंपनीचा, पावतीपुस्तक कंपनीचे, आणि पाच वर्षांत जोडलेल्या घरांची यादीही करारान्वये कंपनीची. त्याला पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात करावी लागली.

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. सारा भार १८७२ च्या करार कायद्यावर आणि तुम्ही सही केलेल्या कागदावर. त्या कायद्याच्या २७ व्या कलमामुळे, मुदतीनंतर तोच धंदा करू नये अशी अट सहसा टिकत नाही. मात्र कराराच्या मुदतीत तशी अट घालता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोकाकोला या खटल्यात १९९५ सालीच म्हटले आहे. म्हणून सहीपूर्वी चार गोष्टी लेखी विचाराव्यात. परवाना कोणाच्या नावे राहील? हमी कोण देईल, आणि करार संपल्यावर ती कोण पाळील? ठरवून दिलेल्या भागात कंपनी दुसरा चालक नेमील काय? आणि ग्राहकांची वही कोणाची? यांची उत्तरे सरळ मिळाली, तर फ्रँचायझी घेण्यात कमीपणा नाही. भाड्याच्या घरातही संसार सुखाचा होतो. मात्र घर भाड्याचे आहे हे विसरून त्याला स्वतःच्या पैशाने माडी चढवू नये.

स्वतंत्र धंद्याचे काटेही आम्ही त्याच्यापुढे लपवले नाहीत. औषध फवारणारा तूच, हिशेब लिहिणारा तूच आणि उधारी मागायला जाणाराही तूच. पहिले सहा महिने घरात बसावे लागेल. आजारी पडलास तर धंदाही आजारी पडेल. पण भांडवल लागते ते बेताचे : फवारणी पंप, ड्रिल, हातमोजे, मुखवटा, एक दुचाकी आणि औषधे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत अशा छोट्या उद्योगाला बँक तारणावाचून कर्ज देते. म्हणजे आईच्या पावतीला हात न लावता आरंभ करता येतो.

शेवटी आमचे मत त्याने विचारलेच. आम्ही म्हणालो, “आज दोन्ही नको. आधी हैदराबादला किंवा हापूडला जाऊन प्रशिक्षण घे. मग एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली वर्षभर पगारावर राब. वर्षाने तुला कळेल, की तुला उणीव आहे ती नावाची, की कामाची. नावाची असली तर ती विकत घेण्याचा विचार कर. कामाची असली तर ती कोणतीही कंपनी विकत देणार नाही.”

मुलगा थोडा हिरमुसला. त्याला त्या संध्याकाळी होकार हवा होता. आईंनी मात्र पावती पिशवीत खोल सरकवून ठेवली.

परवा त्याचे पत्र आले. प्रशिक्षण झाले, आणि आता तो आमच्या त्या भोके पाडणाऱ्या चालकाकडेच काम शिकतो आहे. पत्रात पुढल्या पावसाळ्यापूर्वी आमच्या माळ्याची तपासणी करून देईन, असे लिहिले आहे, आणि खाली एक ओळ : “सर, वही मी आत्तापासूनच घातली आहे. पहिले नाव तुमचे.”

या धंद्यात आमच्या वाचकांपैकी कोणी असतील, फ्रँचायझीचे वा स्वतंत्र, तर त्यांनी आपला अनुभव अवश्य कळवावा. आमच्या हिशेबात काही चुकले असेल, तर तेही सांगावे. शाळामास्तराचे गणित फळ्यावर नेहमीच बरोबर येते, बाजारात येईलच असे नाही.