वेशीबाहेरची नवी वस्ती

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की शहर संपता संपता कुंभारी येते. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या कामगारांच्या घरांचा मोठा प्रयोग याच शिवारात झाला. आधी 2006 मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांसाठी 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. मग त्याच भागात रे नगर आले. जानेवारी 2019 मध्ये पायाभरणी, 30,000 घरांची योजना आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या 15,000 घरांचे लोकार्पण. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या माणसांची ही घरे. माजी आमदार नरसय्या आडम यांनी आणि लाल बावट्याच्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, सरकारदरबारी खेटे घातले. ज्यांना कोणतीही बँक दारात उभे करत नाही, त्यांच्या नावावर घर झाले, ही या राज्याने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे.

म्हणूनच या वर्षीच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग शहराच्या वेशीबाहेर आखल्या जाणाऱ्या नव्या वस्त्यांना दिला आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूर, कोणत्याही शहरातून बाहेर पडा; ऊस, द्राक्ष किंवा ज्वारीच्या शेवटच्या वावराला लागून पत्र्याचे कुंपण आणि त्यावर हसऱ्या कुटुंबाचा फलक दिसतो. घरांची गरज खरी आहे. चाळीत, झोपडपट्टीत, भाड्याच्या एका खोलीत आयुष्य काढणाऱ्यांना ‘बाहेर बांधू नका’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. बांधायलाच हवे. प्रश्न आहे तो आधी काय आणि मागून काय, याचा. आणि महाराष्ट्रात हा क्रम बहुतेक वेळा उलटा लागतो: आधी इमारत, मग ताबा, मग टँकर, मग रस्ता, आणि शाळा-दवाखाना जमेल तेव्हा.

साधा हिशेब मांडून पाहावा. रे नगरची 30,000 घरे म्हणजे घरटी पाच माणसे धरली तर दीड लाख लोकवस्ती. शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडचा मापदंड माणशी रोज 135 लिटरचा. म्हणजे रोज दोन कोटी लिटरपेक्षा जास्त पाणी. हे पाणी नळाने आले नाही आणि दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचे ठरले, तर रोज दोन हजारांवर खेपा. एवढे टँकर कोणत्या विहिरीवर भरणार, कोणत्या रस्त्याने येणार, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवे. सोलापूर शहर स्वतःच उजनीच्या पाण्यावर जगते. शंभर किलोमीटरवरून जलवाहिनीने आलेले ते पाणी शहरात रोज येत नाही, काही दिवसांआड येते. अशा शहराच्या कडेला दीड लाखांचे गाव वसवताना पाण्याची तजवीज हा सगळ्यात अवघड भाग असतो आणि फलकावर तो कधीच दिसत नाही.

दुसरा अवघड भाग रोजीचा. सोलापूरच्या पूर्व भागातली विडी कामगार बाई दारात, उजेडाला बसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने, हातात कात्री. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा. हजार विड्यांचा हिशेब दिवसभर मान वर न करता चालतो. मग त्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि दुसऱ्या दिवसाचे पान-तंबाखू घेऊन यायचे. तिचे घर हाच तिचा कारखाना आहे. तिच्यासाठी घर आखताना चौरस फुटांइतकेच महत्त्वाचे आहे की दाराशी उजेड किती वेळ राहतो आणि विडी जमा करायला किती लांब जावे लागते. जायला-यायला बसचे भाडे पडू लागले, तर ते तिच्या मजुरीतूनच जाते. अशी वसाहत आखणाऱ्याच्या कागदावर बसचे वेळापत्रक आणि विडी जमा करण्याची जागा घराच्या नकाशाशेजारीच असायला हवी.

महाराष्ट्राने वेशीबाहेर आखलेली सर्वात मोठी वस्ती अर्थातच नवी मुंबई. 1960 च्या दशकाच्या मध्यावर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. धनंजयराव गाडगीळांच्या समितीनेही मुंबईचा भार खाडीपलीकडे वळवण्याचीच शिफारस केली. मार्च 1970 मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. 344 चौरस किलोमीटरचा टापू, 95 गावे, वीस लाख माणसांचे शहर. जमीन आधी ताब्यात घ्यायची, ती विकसित करून विकायची आणि त्या पैशातून रस्ते, पाणी, मलनिस्सारण करायचे, असे त्याचे अर्थकारण. कागदावर हा आराखडा आजही उजवा वाटतो. वाशी-नेरूळचे रुंद रस्ते, भरतीचे पाणी अडवून पावसाचे साठवणारे धारण तलाव, प्रत्येक नोडच्या, म्हणजे आखीव उपनगराच्या, मधोमध स्टेशन ही सगळी त्या आखणीची देणगी आहे. भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर वसलेले नोड मोठ्या पावसात तग धरतात, ते याच तलावांमुळे. आणि तलावांत गाळ साचला की रस्त्यांवर पाणी चढते, हेही तिथल्या रहिवाशांना ठाऊक आहे.

पण त्या आराखड्याच्या दोन बाजू लंगड्या राहिल्या. मंत्रालय आणि सरकारी कार्यालये तिकडे नेण्याचा विचार होता. तो बारगळला आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून टॉवर उभे राहिले. खाडीपूल 1973 मध्ये झाला, पण वाशीला लोकल पोहोचायला 1992 उजाडले. मधल्या जवळजवळ दोन दशकांत तिथे राहायला गेलेल्यांनी रोजच्या प्रवासात काय सोसले, त्याचा जमाखर्च कोणत्याच अहवालात नाही.

दुसरी बाजू त्याहून दुखरी. ज्या 95 गावांची भातखाचरे आणि मिठागरे गेली, त्यांना या शहरात जागा कोणती, हे आधी ठरलेच नव्हते. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासईच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण या रक्तातून आले. आज ‘साडेबारा टक्के’ हा शब्द रायगड-ठाण्यात लहान पोरालाही कळतो. तरी भूखंड हातात पडेपर्यंत कुणाची एक पिढी गेली, कुणाच्या दोन. मधल्या काळात गावठाणात मुलांची लग्ने झाली, कुटुंबे वाढली आणि जागा मिळेल तिथे घरावर घर चढले. त्यांनाच ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. तुर्भे, घणसोली, कोपरखैरणे या गावांच्या गल्ल्यांत शिरले की दोन इमारतींच्या मधून आकाशाची पट्टी तेवढी दिसते, आणि तिथून जवळच सिडकोचा आखीव, झाडे लावलेला सेक्टर सुरू होतो. आराखड्याने गाव नकाशातून फक्त वगळले होते. वगळलेली गोष्ट नाहीशी होत नाही, हे त्या गल्ल्यांतून चालताना समजते.

हाच प्रश्न पुण्यात हडपसरच्या मगरांनी वेगळ्या रीतीने सोडवला. शहराची हद्द उसाच्या शेतापर्यंत आली, जमीन आज ना उद्या जाणार हे दिसू लागले, तेव्हा सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली. सतीश मगर यांच्या पुढाकाराने मगरपट्टा सिटीसाठी कंपनी निघाली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा त्या कंपनीत हिस्सा ठरला. शेतकऱ्यांच्या मुलांनी बांधकाम, वाहतूक, बागकाम यांची कामे शिकून घेतली, ठेके घेतले. जमीन विकून आलेला पैसा गाडीत आणि लग्नात संपवून पाच वर्षांनी त्याच जागेवर वॉचमन म्हणून उभे राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या गोष्टी पुणे जिल्ह्यात गावोगाव ऐकू येतात. मगरपट्ट्याने त्यातून वाट काढता येते हे दाखवले. पुढे सिंहगड रस्त्यावर सुमारे 700 एकरांवर नांदेड सिटी याच वाटेने उभी राहिली. या वाटेची मर्यादाही मान्य करायला हवी. तिथले जमीनमालक बरेचसे एकाच भावकीतले होते, एकमेकांवर विश्वास होता. आणि सातबाऱ्यावर ज्यांचे नावच नाही, त्या शेतमजुरांना कोणत्याही कंपनीत हिस्सा मिळत नाही.

नांदेड सिटीला लागून असलेल्या जुन्या नांदेडगावाचे आणि शेजारच्या किरकटवाडी-धायरीचे नाव जानेवारी 2025 मध्ये देशभर गाजले, ते गुलियन बॅरे सिंड्रोमच्या साथीने. हातापायांतली ताकद जाणारा हा आजार. रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, अनेकजण व्हेंटिलेटरवर होते. नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. नांदेड आणि किरकटवाडी 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली होती. घरपट्टी शहराची लागू झाली, पण पाणी येत होते ते विहिरीतून क्लोरीन टाकून, शुद्धीकरण केंद्रातून न जाता. आणि जवळच, डोळ्यांसमोर, पुण्याला पाणी देणारे खडकवासला धरण. पुण्याभोवतीच्या गावांत गेली अनेक वर्षे बांधकामाला परवानगी देताना विकासकाकडून हमीपत्र घेतले जाते, की महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय तो करील. ताबा दिल्यावर तो पुढच्या साइटवर जातो. सोसायटी महिन्याला लाखो रुपये टँकरला मोजते, आणि ते पाणी कोणत्या विहिरीचे आहे हे विचारण्याची सोय नसते. हमीपत्रावर घर बांधू देणे ही पद्धत बंद झाली पाहिजे. पाण्याचा स्रोत, वाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र यांची तारीख पक्की झाल्याशिवाय एकाही मजल्याला मंजुरी देऊ नये, असे या अंकाचे स्पष्ट मत आहे.

घरे स्वस्त आणि दाट असूनही माणसाला वाढायला जागा ठेवता येते, याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. कोरियांनी 1980 च्या दशकात बेलापूरला डोंगराच्या पायथ्याशी आखलेले आर्टिस्ट व्हिलेज पाहावे. साडेपाच हेक्टरच्या आत सुमारे साडेपाचशे कुटुंबे. सात घरांच्या मधोमध आठ मीटर बाय आठ मीटरचे एक अंगण. दोन घरांची भिंत कुठेही सामाईक नाही, त्यामुळे हाती पैसा आला की शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवता यावी. लोकांनी घरे वाढवलीही. बरीच मूळ घरे पाडून तिथे दोन-तीन मजली बांधकामे झाली. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना त्याचे वाईट वाटते. पण अंगणे बरीचशी टिकली आहेत, हे जास्त मोलाचे. आज नव्या प्रकल्पात नियमाने सोडलेली दहा टक्के मोकळी जागा अनेकदा इमारतींच्या मागे, कोपऱ्यात, कुणी बसणार नाही अशा ठिकाणी तुकड्या-तुकड्यांनी ठेवली जाते. अंगण आधी आखले आणि घरे त्याभोवती बसवली, हा बेलापूरचा साधा नियम उचलायला जादा पैसा लागत नाही.

एकदा केलेली आखणी किती काळ टिकते, हेही पुण्यात दिसते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्यातली हजारो कुटुंबे एका दिवसात बेघर झाली. त्यांच्यासाठी तेव्हाच्या शहराच्या टोकाला सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती वसल्या. आज त्या शहराच्या मध्यात आहेत. तेव्हा सोडलेल्या रस्त्यांवर, मैदानांवर आणि झाडांवर तिथल्या तीन पिढ्या वाढल्या. आज कुंभारी, नवी मुंबई विमानतळाभोवतीचे ‘नैना’ क्षेत्र किंवा पुण्याच्या वर्तुळाकार रस्त्यालगत जी आखणी होत आहे, तिच्यातल्या रस्त्याची रुंदी आणि शाळेचे आरक्षणही असेच पन्नास-साठ वर्षे टिकणार आहे.

आणि या आखणीत बोलण्याची संधी कायद्याने प्रत्येकाला दिलेली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे प्रारूप विकास योजना किंवा नगररचना योजना प्रसिद्ध झाली की नागरिकांना हरकती-सूचना नोंदवण्यासाठी साधारण महिन्याची मुदत असते. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापून येते. गट नंबर, आरक्षणाचे क्रमांक आणि रंगीत नकाशा सामान्य माणसाला चटकन उलगडत नाही. जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांना मात्र तो पहिल्या दिवशीच उलगडलेला असतो. म्हणून या अंकात असा नकाशा कसा वाचावा आणि हरकत कशी लिहावी, यावर नमुन्यासह एक स्वतंत्र लेख दिला आहे.

वाचकांना एक विनंती. आपल्या शहराच्या वेशीवर नवी वस्ती आखली जात असेल, तर दिवाळीची सुट्टी संपल्यावर नगररचना कार्यालयात जाऊन तिचा प्रारूप नकाशा पाहावा, पाणी कुठून येणार आणि शेजारच्या गावाचे काय होणार हे लेखी विचारावे, आणि दिलेल्या अर्जाची पोच घेऊन यावी.