आज्ञा आधी मंजूर झालेली असावी

बँकेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या खातेदाराला आपली शिल्लक क्षणार्धात कळते, तेव्हा पुष्कळदा कोबोल भाषेतील एखादा जुना, भक्कम प्रोग्राम डेटाबेसला क्वेरी विचारीत असतो. ही क्वेरी प्रोग्राम लिहितानाच कायम करावी, की तो चालू असताना आयत्या वेळी रचावी, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांचा वाटला, तरी सामान्य माणसाच्या ठेवीची सुरक्षितता त्यात गुंतलेली आहे. म्हणून त्याची जाहीर चर्चा इष्ट होय.

एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल डेटाबेसच्या सिद्धांतावर आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टीम आर’ ही डेटाबेस-प्रणाली उभी राहिली, आणि क्वेरी आगाऊ कंपाइल करून ठेवण्याची तिची पद्धत १९८३ साली जाहीर झालेल्या ‘डीबी-टू’मध्ये रूढ झाली. एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेत लिहिण्याच्या ह्या पद्धतीलाच स्टॅटिक एसक्यूएल म्हणतात. तीत प्रीकंपायलर प्रोग्राममधील सर्व क्वेरी वेगळ्या काढतो, आणि पुढे ‘बाइंड’ करताना कोष्टके व अधिकार यांची छाननी होऊन, कोणत्या इंडेक्सने माहितीपर्यंत पोहोचावयाचे हेही ठरून ‘पॅकेज’ सिद्ध होते. कारकुनाला ते पॅकेज चालविण्याची परवानगी पुरते. खात्यांच्या मूळ कोष्टकाला हात लावण्याचा अधिकार त्याला द्यावा लागत नाही. शिवाय कोणते पॅकेज कोणत्या कोष्टकावर अवलंबून आहे, हे तपासनीसाला डेटाबेसच्या दफ्तरातूनच काढता येते.

क्वेरी आयत्या वेळी रचण्याच्या, म्हणजे डायनॅमिक, पद्धतीचे पुरस्कर्ते सांगतात की, नाव, शाखा, तारीख यांपैकी काहीही भरून शोध घेण्याची मुभा देणाऱ्या पडद्यासाठी प्रत्येक संयोगाची क्वेरी आधी लिहून ठेवणे दुष्कर आहे, आणि कोष्टक लहान असताना ठरलेली वाट ते वाढल्यावर, पुन्हा बाइंड होईपर्यंत, गैरसोयीची ठरू शकते. हे आक्षेप यथार्थ आहेत, आणि तेवढ्यापुरती डायनॅमिक क्वेरी मान्य करणे क्रमप्राप्त आहे.

परंतु तेथेही एक मर्यादा अनुल्लंघनीय मानली पाहिजे. वापरणाऱ्याने नावाच्या चौकटीत लिहिलेला मजकूर जसाच्या तसा क्वेरीला जोडला, तर एखादा दुष्ट मनुष्य नावाऐवजी अवतरणचिन्ह व त्यापुढे ‘किंवा १ = १’ अशा अर्थाची अट लिहून सर्व खातेदारांच्या नोंदी उघड्या करू शकतो. क्वेरीत मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मूल्य स्वतंत्रपणे पुरविले, तर तेच अक्षर निव्वळ मजकूर राहते, त्याचा हुकूम होत नाही. कोष्टकाचे नाव मात्र असे पुरविता येत नाही. ते मंजूर यादीतूनच घेतले पाहिजे.

तात्पर्य, व्यवहाराच्या प्रोग्रामांत स्टॅटिक हा नियम असावा आणि डायनॅमिक हा सकारण अपवाद. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या अधिकाऱ्यांनी नवा प्रोग्राम ताब्यात घेण्यापूर्वी आयत्या वेळी रचल्या जाणाऱ्या प्रत्येक क्वेरीची यादी व तिचे कारण लेखी मागावे, आणि तोपर्यंत मंजुरीची सही करू नये.