सिंगापूरला गेलो आणि माझाच सल्ला मागे घ्यावा लागला

सिंगापूरचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. त्यात मी उंच इमारतींसमोर उभा राहून बरंच ज्ञान दिलंय. कॅमेऱ्यासमोर जे सांगायचं धाडस झालं नाही, ते इथे लिहितोय.

२०२४ चा नोव्हेंबर. मी आणि सौ., चार दिवस, तीन रात्री. वाईहून मुंबईचं विमानतळ गाठायला जेवढा वेळ लागला, जवळजवळ तेवढाच पुढे विमानाला लागला. बॅगेत चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि माझी एक वही. वहीवर मोठ्या अक्षरात 'बिझनेस स्टडी' लिहिलेलं. चार दिवसांत कसला डोंबलाचा स्टडी होतो, पण ट्रेनर माणूस असा रिकाम्या हाताने जात नाही ना.

पहिली फजिती पहिल्याच दुपारी झाली. मॅक्सवेल फूड सेंटर नावाचं प्रसिद्ध ठिकाण आहे. मोठी शेड, शंभराच्या वर गाळे, मधे सगळ्यांची मिळून टेबलं. गर्दी मरणाची. एक टेबल रिकामं दिसलं, वर टिश्यूचं एक पाकीट. म्हटलं वा, काय सोय आहे! पाकीट फोडलं आणि निवांत घाम पुसला. तेवढ्यात एक बाई हातात ट्रे घेऊन आल्या आणि माझ्याकडे, मग पाकिटाकडे, परत माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. तिथे टेबलावर टिश्यू ठेवला म्हणजे जागा धरली. 'चोप' म्हणतात त्याला. अरे, स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे कळू नये? रुमालाने नाक पुसण्यातला हा प्रकार. माफी मागून उठलो.

दुसरी फजिती सौं.ची. बोर्डवर 'कॅरट केक' वाचून त्या खूश. समोर आलं ते पांढऱ्या मुळ्याचं आणि तांदळाच्या पिठाचं, अंड्यात परतलेलं काहीतरी. ना गाजर, ना केक. त्या अंडं खात नाहीत, म्हणून ते मी संपवलं. चव चांगली होती, हे मी तेव्हा बोललो नाही. त्यांनी चिवडा काढला. कॉफीचीही तीच तऱ्हा. 'कोपी' म्हटलं की आटवलेलं गोड दूध घातलेली, 'कोपी-ओ' म्हटलं की बिनदुधाची पण साखरेची, 'कोसोंग' जोडलं की साखरही गायब. हे कळेपर्यंत तीन कप झाले.

आता मुद्द्याचं. त्या गाळ्यांवर मला भाषा कळत नव्हती, पदार्थ कळत नव्हते, तरी मी जेवलो. कसा? एका गाळ्यावर जेमतेम चार-पाच पदार्थ. प्रत्येकाचा फोटो, पुढे किंमत. एक जण फक्त चिकन राइस करतो, पाच डॉलर, म्हणजे आपले तीनशेच्या वर. मी बोट दाखवलं, त्याने दोन मिनिटांत ताट सरकवलं. २०१६ मध्ये अशाच दोन हॉकर गाळ्यांना मिशेलिनचा तारा मिळाला होता. एक सोया सॉसमधल्या चिकनचा, दुसरा नूडल्सचा. चिकनवाल्याने जोडीला पावभाजी ठेवली नव्हती.

हे वहीत लिहिताना माझा हात थांबला, कारण मला आपल्या पसरणी घाटाच्या पायथ्याच्या ताई आठवल्या. माझ्या बॅचच्या विद्यार्थिनी. थालीपीठ असं करायच्या की पाचगणीला निघालेली गाडी थांबायची. मीच त्यांना सांगितलं होतं, "ताई, मेन्यू वाढवा, ऑप्शन द्या, गिऱ्हाईक परत जाता कामा नये." त्यांनी ऐकलं. बोर्डावर सेहेचाळीस पदार्थ झाले. मंचुरियनसाठी वेगळा कारागीर, महिना पंधरा हजार. डीप फ्रीझर हप्त्यावर. रोज संध्याकाळी उरलेलं फेकणं. आणि थालीपीठ? ते कारागिराच्या हातात गेलं. ताई गल्ल्यावर बसल्या.

सल्ला देताना मी त्यांच्या दुकानात पाहुणा म्हणून कधी उभाच राहिलो नव्हतो. मी वाईचा, मला सगळं माहीत. सेहेचाळीस ओळींसमोर घाटातून भुकेला आलेला पुण्याचा माणूस काय करतो, ते मला टिश्यूवाल्या बाईंसमोर बावळटासारखं उभं राहिल्यावर कळलं. तो "चहा द्या" म्हणतो.

एक स्पष्ट सांगतो. परदेशातून आलं की 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' हे सुरू होतं. माझ्याही व्हिडिओत ते वाक्य आहे, आणि ते चूक आहे. सिंगापूरचे हे विक्रेतेसुद्धा एकेकाळी रस्त्यावरच बसायचे. १९७० आणि ८० च्या दशकांत सरकारने त्यांना नळ, गटार, वीज असलेली ही सेंटर बांधून दिली. उष्टे ट्रे जागेवर नेऊन ठेवायची सवयसुद्धा आपोआप लागली नाही, २०२१ पासून कारवाईची भीती घातली तेव्हा लागली. आमच्या ताई पाण्याचा टँकर स्वतःच्या पैशाने आणतात. त्यांना शिस्त शिकवायला माझी जीभ रेटत नाही.

शेवटच्या दिवशी मर्लायन बघितला. वरून सिंह, खालून मासा, तोंडातून पाणी. तुफान गर्दी. हा काही पुराणातला प्राणी नाही बरं का. १९६४ मध्ये पर्यटन मंडळाच्या बोधचिन्हासाठी काढलेलं ते चित्र, पुतळा १९७२ चा. मी फोटो काढता काढता हसायला लागलो. सौ. म्हणाल्या, "काय झालं?" म्हटलं, "अगं, मासा आपल्याकडे आहे की!" ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू माशाच्या आकाराची आहे, कृष्णेचा पूर दुभंगून दोन्ही अंगांनी जावा म्हणून. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं देऊळ. पाहुणा पुढून दर्शन घेतो, सेल्फी काढतो आणि निघतो. मागे जाऊन बघा, असं त्याला कोणी सांगत नाही. मीही कधी सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी ताईंकडे गेलो. म्हटलं, "ताई, माझं चुकलं. मेन्यू कमी करू." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, बोर्ड पुसते मी. पण फ्रीझरचे सात हप्ते राहिलेत, ते कोण पुसणार?"

त्यातले चार मी भरतोय. कारागिराला ताईंनी ओळखीच्या हॉटेलात लावून दिलं. बोर्डावर आता थालीपीठ, पिठलं-भाकरी, मिसळ आणि चहा. परवा मोजलं तेव्हा अकरा टेबलांपैकी आठांवर थालीपीठ होतं. मंचुरियन मागणारे दोघं उठून गेले, तेही लिहितो, लपवत नाही.

बोर्डाच्या खाली ताईंनी स्वतःच्या मनाने एक ओळ रंगवून घेतलीय, 'गणपतीच्या मागचा मासा बघितला का?' घाट उतरून आलेली माणसं विचारतात, कुठला मासा? ताई थालीपीठ थापता थापता सांगतात, आणि ते होईपर्यंत चहा मागवला जातो.