केसपेपरवर न लिहिलेली औषधे

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. अपस्माराच्या दोन रुग्णांना फेनिटॉइन चालू असूनही पुन्हा फिट येऊ लागल्या होत्या आणि रक्तातले फेनिटॉइनचे प्रमाण घटले होते. दोघेही शंखपुष्पीचे औषध घेत होते. मग उंदरांवर प्रयोग झाले. दोन्ही औषधे एकत्र, वरचेवर दिली की फेनिटॉइनचे प्रमाणही उतरत होते आणि फिट रोखण्याची त्याची ताकदही. याच प्रयोगांत नुसत्या शंखपुष्पीतही फिट रोखण्याचा गुण दिसला होता. म्हणजे वेगवेगळी घेतली तर दोन्ही औषधे गुणाची, एकत्र घेतली की रुग्णाचे नुकसान.

मानसोपचार घेणाऱ्या प्रत्येक घराने हा निबंध लक्षात ठेवावा असा आहे. आपल्याकडे मनाच्या आजाराची गोळी सुरू झाली की घरात दुसरी हालचालही सुरू होते. ‘या गोळ्यांची सवय लागते’ ही भीती असतेच. मग कोणी ब्राह्मी सुचवते, कोणी अश्वगंधा, कोणी ओळखीच्या वैद्यांचा काढा. देणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणूनच त्याला दोष देऊन काही साधत नाही. अडचण एवढीच, की यातले काहीही केसपेपरवर येत नाही.

शरीरात नेमके काय घडते? बहुतेक मनोविकारविरोधी औषधांची विल्हेवाट यकृतातली विकरे लावतात. एखादी वनस्पती या विकरांचे काम वाढवते, मग गोळी लवकर संपते आणि आजार उलटतो. दुसरी वनस्पती त्यांना अडवते, मग तीच गोळी रक्तात साठत जाते. युरोपात सौम्य नैराश्यासाठी वापरली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही पहिल्या प्रकारातली. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालांनी दाखवले की तिच्यामुळे एचआयव्हीवरील एका औषधाचे रक्तातले प्रमाण निम्म्याहून अधिक घसरते आणि हृदयरोपण झालेल्या रुग्णांत नवे हृदय नाकारले जाऊ शकते. नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत घेतली तर सेरोटोनिन वाढून थरथर, घाम, ताप, अस्वस्थता अशी धोक्याची लक्षणे उद्भवतात. अमेरिकेत ती दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. तिथल्या मराठी कुटुंबांनी याची खास नोंद घ्यावी.

आपल्या घरांच्या दृष्टीने अधिक काळजी लिथियमची वाटते. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारावर हे फार मोलाचे औषध आहे, पण त्याची मर्यादा अरुंद. रक्तात साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर एवढे हवे, आणि दीडच्या पुढे विषारी लक्षणे दिसू लागतात. लिथियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे ते धरून ठेवतात. पायावर सूज आली म्हणून पुनर्नवा-गोखरूचा काढा सुरू करायचा, त्यात निर्जळी एकादशी, वर उन्हाळा. लघवी वाढवणाऱ्या वनस्पतींच्या मिश्रणानंतर लिथियमची विषबाधा झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. आधी हात जोरात थरथरतात, जुलाब-उलट्या होतात, मग तोल जातो, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते, आजारच वाढला.

‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य मुंबईत तरी कोणी उच्चारू नये. इथल्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. तिच्यातून १९५२ मध्ये वेगळे केलेले रिसर्पिन पुढे स्किझोफ्रेनियावरही वापरले गेले, आणि काही रुग्णांत नैराश्य दिसल्याने त्याबाबत इशारेही द्यावे लागले. जी वनस्पती एवढे करू शकते, तिला औषध म्हणूनच वागवायला हवे.

आयुर्वेदाला ही गोष्ट परकी नाही. विरुद्धाहाराचा आणि अनुपानाचा विचार त्यातच आहे: कशाबरोबर काय घेतले यावर परिणाम ठरतो. जम्मूच्या शासकीय प्रयोगशाळेने त्रिकटूतल्या मिरी-पिंपळीचा अभ्यास करून त्यांतले पिपरिन हे द्रव्य वापरले, आणि क्षयाच्या एका कॅप्सूलमध्ये रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणता आली. तेच पिपरिन फिटवरील कार्बामॅझेपिन या औषधाचे रक्तातले प्रमाणही वाढवते, आणि ही गोळी मनोविकारांतही दिली जाते. जाणून केले तेव्हा उपचार झाला. नकळत घडले तर अपाय होईल.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञाने प्रत्येक भेटीत विचारला पाहिजे, आणि उत्तर ऐकून रागावता कामा नये. एकदा ओरडा खाल्लेला रुग्ण पुन्हा खरे सांगत नाही. वैद्यांनीही गोळ्यांची पाकिटे पाहिल्याशिवाय काढा लिहू नये. अनेक सरकारी रुग्णालयांत ॲलोपॅथी आणि आयुषची ओपीडी एकाच आवारात चालते. तिथल्या केसपेपरवर ‘इतर औषधे, काढे, चूर्णे’ अशी एक ओळ छापणे आरोग्य खात्याला अजिबात अवघड नाही. ती छापावी.

हे वाचून कोणी आज रात्रीच काही बंद करू नये. झोपेची किंवा चिंतेची गोळी एकाएकी तोडल्याने फिट येऊ शकते, आणि विकरे वाढवणारी वनस्पती अचानक थांबवली तर गोळीचे प्रमाण चढते. पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, डबे पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडा. औषधाचा दुष्परिणाम जाणवला तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णाला स्वतःलाही तो नोंदवता येतो.