नुसतंच ऐकतात हो!

‘ताई, तीनदा गेले. समुपदेशक बाई नुसतं ऐकतात, सल्ला देतच नाहीत. हे म्हणतात, फी पाण्यात!’ एका भगिनीचं पत्र.

भगिनी, ऐकणं हीही पद्धतच, बरं का! अमेरिकेच्या कार्ल रॉजर्स यांची. आपली वाट आपणच शोधायची. अल्बर्ट एलिस यांची १९५५ची तऱ्हा निराळी. ‘सासूबाईंनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे’ यातल्या ‘च’लाच ती हटकते, वर घरी करायला गृहपाठही देते! कि. मो. फडके यांनी ती मराठीत समजावून सांगितली आहे.

झोप नाही म्हणता, तर मध्येच सोडू नका. बाईंनाच विचारा, ‘मला गृहपाठ द्याल का?’ नाहीच जमलं तर दुसरीकडे जा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर मात्र लगेच १४४१६ फिरवा. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीसुद्धा.