देवानं 'नाही' म्हटलं तर?

एक गोष्ट सांगतो. एका राजाला टेकडीवर मोठं देऊळ बांधायचं होतं. जागेवर आधीपासून बारकी बारकी देवस्थानं होती. राजानं हुकूम सोडून ती उचलली नाहीत. आधी एकेका देवाला विचारलं, कौल घेतला. बाकीचे देव जागा सोडायला तयार झाले. एक दगड मात्र काही केल्या तयार होईना. तो होता शिवेचा देव. शेवटी त्याला तिथंच ठेवून भोवती देऊळ उभारलं. त्याला डोक्यावर आभाळच लागतं, म्हणून छपराला भोक ठेवलं.

कुठली वाटली? आचरा? मसुरे? पेंडूर? मंडळी, ही गोष्ट प्राचीन रोमची आहे. राजा टार्क्विन, टेकडी कॅपिटोल, देऊळ ज्युपिटरचं आणि हटून बसलेला देव टर्मिनस. त्यांचे जाणकार पक्ष्यांवरून कौल घ्यायचे, आपण फुला-तांदळावरून घेतो. आणि छप्पर न चालणारे देव तर आपल्याकडे किती तरी आहेत.

रोमचा आणि आपला संबंध अगदीच नव्हता असं नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला १९४० च्या दशकात समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती सापडली, ती व्यापाराबरोबर रोमन जगातून आलेली. पण टर्मिनस तिकडून इकडे आला असं माझं म्हणणं नाही. जिथं शेती आहे तिथं शीव आहे, आणि शीव आली की भांडण आलं. त्यावर दोन्हीकडच्या लोकांनी एकच उपाय काढला. शिवेलाच देव केलं. रोममध्ये २३ फेब्रुवारीला दोन्ही शेजारी आपापल्या बाजूनं त्या दगडाला हार घालायचे आणि एकत्र जेवायचे. आपल्याकडे शिवेवर देवचाराला राखण देतात, गाऱ्हाणं घालतात आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात.

मला सांगायचंय ते एवढंच की या गोष्टी म्हणजे नुसती करमणूक नव्हे. गावानं न लिहिलेले ते नियम आहेत. तलाठी, भूमापक, वनखातं यातलं काही नव्हतं तेव्हा गावाची जमीन, पाणी आणि झाड याच गोष्टींनी राखलं. 'हय कोयती लावू नको, राखणदार बघता' एवढं एक वाक्य पिढ्यान् पिढ्या पुरलं.

पुरावा हवाय? दोडामार्गात हेवाळे-बांबर्डेला जा. तिथं रानजायफळाचं दलदलीचं जंगल आहे, महाराष्ट्रात अगदी दुर्मीळ. सरकारनं ते २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ जाहीर केलं. जागा सगळी मिळून अडीच हेक्टरच्या आसपास. सरकारी कागद येईपर्यंत ते कुणी राखलं? देवराई म्हणून गावानं. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ सत्तरच्या दशकात देवरायांवर लिहीत होते, तेही हेच सांगत होते.

आता आपण काय करतोय बघा. वीसेक वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी करतोय. जीर्णोद्धाराच्या इतक्या बातम्या लिहिल्या की मोजदाद नाही. दोन गावांत (नावं लिहीत नाही) सभामंडप आणि पार्किंगसाठी राईतली जुनी झाडं गेली. जांभ्याची घुमटी गेली, ग्रॅनाईट आलं. म्हाताऱ्या मानकऱ्याला विचारलं, 'कौल घेतलात?' तो म्हणाला, 'कौल कसलो? निधी मार्चपर्यंत संपवूचो होतो.' ही आजची नवी दंतकथा.

देवाची गोष्टही बदलते. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. केवढी सुंदर गोष्ट! पाय झिजवणारा देव. अशा देवांना कुठल्या तरी मोठ्या पुराणात बसवायची घाई कशाला? कुणकेश्वरची दंतकथा घ्या. वादळात सापडलेल्या परदेशी मुसलमान व्यापाऱ्याला किनाऱ्यावरचा दिवा दिसला, जीव वाचला आणि नवस फेडायला त्यानं देऊळ बांधलं. इतिहास म्हणून ती किती खरी यावर वाद घाला, पण या किनाऱ्यानं ती अभिमानानं सांगितली. आज ती सांगताना माणसं आधी आजूबाजूला कोण आहे ते बघतात.

हेही रोममध्ये झालंय. तिथं प्रत्येक चौकात राखणदार देव असायचे, त्यांना लारेस म्हणत. गल्लीतली साधी माणसं त्यांचा सण करायची. इ. स. पू. ७ च्या सुमारास ऑगस्टस बादशहानं शहराची नवी विभागणी केली आणि या देवांना स्वतःचं नाव जोडलं. गल्लीतला देव बादशहाचा झाला. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या जत्रेच्या वाटेवरची कमान बघा. देवी केवढी आणि शुभेच्छुक केवढे!

आता कुणी म्हणेल, पत्रकार असून अंधश्रद्धेची वकिली करतोय. नाही. शिवेच्याच गोष्टीत रोम्युलसनं भिंत ओलांडली म्हणून सख्ख्या भावाला, रेमसला मारलं. आपल्या गावरहाटीतही कुणाला पायरीपर्यंतच येऊ दिलं, बायकांना कुठं अडवलं, मानपानावरून भावकी कोर्टात गेली. ते सोडायलाच हवं. पण सोडायचं काय आणि राखायचं काय हे ठरवायला गोष्ट आधी माहीत तर हवी! आज आपण झाड तोडतोय आणि मानपान मात्र घट्ट धरून बसलोय. नेमकं उलटं.

मग करायचं काय? फार काही नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात असते. ती बाहेर काढा. राईतल्या झाडांबरोबर त्या राईची गोष्टही त्यात लिहा. कोण राखणदार, शीव कुठली, कुठं कोयती लावायची नाही, कुठल्या झऱ्यात पाय घालायचे नाहीत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून, त्यांच्या मालवणीत. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पोरं करतील. आणि जीर्णोद्धाराचा ठराव घ्यायच्या आधी ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.

टार्क्विन जुलमी राजा म्हणून बदनाम आहे. पुढे लोकांनी त्याला हाकलूनच दिलं. पण एका दगडानं 'नाही' म्हटल्यावर त्यानंसुद्धा नकाशा बदलला. आपल्या देवस्थान समित्या त्याच्यापेक्षा मोठ्या आहेत का?

तुमच्या गावच्या शिवेवर कोण आहे? त्याची गोष्ट खाली लिहा. मालवणीत लिवलात तरी चलात.